एकतीस इंचांचा पाय

ता. ४ फेब्रुवारी
हाडांचा वॉर्ड, खाट नंबर नऊ

चि. धाकट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र उताणं पडून लिहितो आहे, त्यामुळे माझं अक्षर तुझ्या अक्षरासारखं आलं आहे. सांभाळून घे.

परवा दुकानात बँकेचा नवा पहारेकरी पँट-शर्टाचं माप द्यायला आला. माणूस कसला, विजेचा खांबच. खांद्याचं माप घ्यायला मला स्टुलावर चढावं लागलं. साडेवीस असा आकडा तोंडातून निघाला आणि स्टुलाचा पाय मोडला. पाठोपाठ माझाही. हा एवढा थोरला गडी, मला झेलायचं सोडून दोन पावलं मागे सरकला आणि वर विचारतो कसा, की माप लिहून घेतलं ना. बँकेची तिजोरी या माणसाच्या भरवशावर आहे.

घोट्याच्या वर हाड तीन ठिकाणी गेलं आहे. डॉक्टर म्हणतो आत धातूची पट्टी आणि स्क्रू घालावे लागतील, पण आत्ता नाही. सूज इतकी आहे की आत्ता कापून शिवलं तर शिवण धरणार नाही. हे मला पटलं. कापड ताणलेलं असताना टाका घातला तर ते उसवणारच, एवढं मलाही कळतं. तेव्हा सूज उतरून कातडीवर चुण्या पडेपर्यंत थांबायचं. जन्मभर लोकांच्या कपड्यांवरच्या चुण्या मोडल्या, आता स्वतःच्या पायावर त्या पडाव्यात म्हणून डोळे लावून बसलो आहे. पण थांबायलाही हद्द आहे. तीन आठवड्यांच्या आत हे झालं नाही तर हाड त्याच्या मनाला येईल तसं सांधेल आणि घोटा लाकडासारखा ताठ राहील. पायमशीनवर बसणाऱ्या शिंप्याचा घोटा वाकत नसेल, तर त्याने काज-बटणं करत बसावं. ते काम तुझी वहिनी माझ्यापेक्षा चांगलं करते, म्हणजे मी घरात कुठल्याच कामाचा उरणार नाही.

सूज उतरायला पाय हृदयापेक्षा उंच ठेवायचा असतो. हृदय नेमकं कुठे धरायचं असं मी डॉक्टरला विचारलं, तर तुझी वहिनी मध्येच म्हणाली की यांच्या बाबतीत तो प्रश्न येत नाही. सगळा वॉर्ड हसला. पायाखाली तीन उशा दिल्या आहेत. तिन्हींत मिळून एका उशीचा कापूस नाही. पाय घटकाभरात घसरून खाली येतो.

आता कामाचं बोलतो. बावीस वर्षं तू त्या कारखान्यात परक्यांचे पाय टांगायचे घोडे बनवतोस. एक भावासाठी बनव. वर-खाली करता येणारा हवा. माप खाली देतो, ते मी स्वतः टेपने घेतलं आहे, तेव्हा शंका काढू नकोस. आजवर माझं माप दुसऱ्या कुणी घेतलेलं नाही आणि घेणारही नाही.

डावा पाय, जांघेपासून टाचेपर्यंत : ३१ इंच.

पत्र नेहमीच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो. फोन करणार नाही. फोनवर तू नुसतं हं हं करतोस, माणूस आहे की म्हैस ते कळत नाही.

मुलांना पापे. तुझ्यावर जीव आहेच, तो पुन्हा लिहून कागद वाया घालवत नाही.

तुझा,
दादा


ता. ७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास, शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून काळजी वाटली, आणि पहारेकऱ्याचं वाचून हसूही आलं. दोन्ही एकदम झाल्याने मी लेथ बंद करून पत्र पुन्हा वाचलं. मालकांनी काय झालं म्हणून विचारलं. सांगितल्यावर त्यांनी पाइप काढून दिला आणि संध्याकाळी काम सुटल्यावर वेल्डिंग वापरायची मुभा दिली. रजा मात्र मिळत नाही. एका नव्या दवाखान्याच्या चाळीस खाटा या महिन्यात द्यायच्या आहेत. ऑपरेशनच्या दिवशी मी येणार, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे.

घोडा दोन संध्याकाळींत झाला. ड्रायव्हरकाकांनी तो बसच्या टपावर बांधला आहे. दिसायला साधा आहे. मांडीखाली चढ, गुडघ्यापाशी वाक, पोटरीखाली पन्हळासारखी गादी. खालच्या दोन्ही उभ्या पाइपांना सात सात भोकं आहेत आणि एक आडवी खीळ आहे. खीळ जितक्या वरच्या भोकात, तितका पाय उंच. तुम्ही पाचव्या भोकापासून सुरुवात करा, पुढे डॉक्टर सांगतील तसं. टाच गादीच्या बाहेर अधांतरी राहायला हवी, कुठेही टेकू देऊ नका. टाचेला एकदा जखम झाली की ती पायापेक्षा जास्त छळते.

आमच्याकडे गुडघ्याचा वाक एकूण लांबीच्या निम्म्यावर ठेवतात. गादीसाठी एक इंच वाढवायची पद्धत आहे, त्याप्रमाणे बत्तीस धरून सोळावर वाक घेतला. तुमचा आकडा प्रमाण मानला.

वरचं रेक्झिन गुलाबी आहे, त्याला माझा इलाज नाही. एका ब्यूटी पार्लरच्या खुर्च्यांचं उरलेलं होतं. दुसरं होतं ते हिरवं, आणि त्यावर तुमचा सुजलेला पाय कसा दिसला असता हे डोळ्यांपुढे आणून मी गुलाबी घेतलं.

रोज सकाळी देवापुढे उभा राहतो तेव्हा आधी तुमच्या सुजेचं सांगतो, मग बाकीच्यांचं. तुम्ही देवाला मानत नाही हे त्याला ठाऊक आहे. पण तो तुमच्यासारखा लगेच तोडून बोलत नाही, ऐकून घेतो.

वहिनींना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर आहे तसाच राहू द्यावा.

आपला,
धाकटा


ता. १० फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

घोडा पोचला. फारच छान झाला आहे. काम सफाईदार आहे. रेक्झिनचा रंगही प्रसन्न आहे. डॉक्टरांनी हात लावून पाहिला आणि कौतुक केलं. सिस्टरही उत्तम म्हणाल्या. शेजारच्या खाटेवर एक गवंडी आहे, हात मोडून आला आहे, तोही म्हणाला की भाऊ असावा तर असा.

मला अतिशय आराम वाटतो. सूज हळूहळू उतरेल असं डॉक्टर म्हणतात. इकडची काही काळजी करू नये. तुला फार कष्ट पडले, त्याबद्दल आभारी आहे.

तुझ्या वहिनीने काही लिहिलं तर ते मनावर घेऊ नकोस. जागरणाने तिची चिडचिड होते.

मुलांना गोड पापा. असाच स्नेह असू द्यावा.

तुझा,
दादा


ता. ११ फेब्रुवारी

सौ. वहिनींस, सा. न. वि. वि.

हे पत्र ड्रायव्हरकाका फक्त तुमच्याच हातात देतील. दादाला दिसू देऊ नका.

काल त्यांचं पत्र आलं आणि मी घाबरलो. पत्रात मला एकही शिवी नाही. डॉक्टरला नाही, तुम्हाला नाही, गुलाबी रेक्झिनला सुद्धा नाही. रंग प्रसन्न आहे असं लिहिलं आहे. वहिनी, एकोणपन्नास वर्षांत या माणसाने कुठल्या रंगाला प्रसन्न म्हटलेलं मला आठवत नाही. शेवटी आभार मानले आहेत. ताप मेंदूत तर गेला नाही ना?

आणि सूज उतरेल असं लिहिलं आहे, उतरते आहे असं लिहिलेलं नाही. मी ते वाक्य चार वेळा वाचलं.

खरं काय ते कळवा. आणि एक काम करा. सुताचा एक धागा घ्या. त्यांच्या चांगल्या पायावर जांघेपाशी एक टोक धरा, गुडघ्याच्या खळीपाशी एक गाठ मारा, टाचेपाशी दुसरी. आकडा लिहू नका, इंच मोजू नका, धागाच पाठवा. ते जागे असताना करू देणार नाहीत, तेव्हा काय युक्ती करायची ती तुम्हीच जाणता.

तुमच्या जिवाला जपा. बाकी भेटीत.

तुमचा,
धाकटा दीर


ता. १२ फेब्रुवारी

चि. भाऊजींस, अ. उ. आ.

बरं झालं विचारलंत. तुमच्या दादाने माझ्या गळ्याची शपथ घालून ठेवली होती की धाकट्याला काही कळवायचं नाही. माझ्या गळ्याची काळजी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच वाटली, म्हणून मी दोन दिवस गप्प होते. आता नाही राहणार.

तुमचा घोडा त्यांना बसत नाही. गुडघ्याचा जो वाक आहे तो गुडघ्याखाली न येता पोटरीत येतो आणि तिथे रुततो. टाच बाहेर अधांतरी राहायला हवी, ती गादीच्या कडेवर टेकते. बारीक झोप लागली की सगळा माणूसच खाटेवरून खाली सरकतो. पहिल्या दिवशी पाय बधीर झाला तेव्हा तो घोड्यावरून खाली घेतला, आणि मग सुरू झालं नाटक. डॉक्टर फेरीला आले की पाय घोड्यावर, गेले की खाली. दाराकडे लक्ष ठेवायला तो गवंडी आहे. पांढरा कोट दिसला की तो खोकतो. डॉक्टर बिचारे काल त्यालाच खोकल्याचं औषध लिहून गेले. बाकीचा वेळ घोड्यावर तुमच्या दादाचा टॉवेल आणि दोन बनियन वाळत असतात.

मी म्हटलं, अहो चुकला असेल तर चुकला म्हणून सांगा, भाऊच आहे ना. तर म्हणतात, तो दिवसभर राबून वर दोन संध्याकाळी घालवून बसला, आणि मी त्याला सांगू की तुला तुझं काम येत नाही? सिस्टरला सांगितलं तर त्या घोडा परत पाठवतील, बसच्या टपावरून वरात निघेल, कारखान्यात चार लोक बघतील. त्यापेक्षा राहू दे, सूज काय आज ना उद्या उतरेलच.

भाऊजी, सूज उतरत नाही. पाय चकचकीत दिसतो, फुगवलेल्या फुग्यासारखा. काल डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले की वीस तारखेपर्यंत वाट पाहू. त्यानंतर पट्टी बसवून फारसा उपयोग नाही, पाय जसा सांधेल तसा स्वीकारायचा. हे मी यांना सांगितलेलं नाही. पण दुपारी यांनी मला विचारलं की आपलं पायमशीन कुणी घेईल का. विचारलं ते थट्टेने, पण बघत होते भिंतीकडे.

धागा सोबत आहे. सिस्टर ताप बघायला आल्या तेव्हा त्यांनी थर्मामीटर तोंडात घातला आणि मी माप घेतलं. तोंड बंद असल्यामुळे फक्त डोळे वटारता आले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, नवऱ्याच्या अंगाला टेप लावायची ही पहिलीच वेळ, आणि तीही धाग्याने.

आणि आता मुख्य गोष्ट. तुम्ही आकडा लिहू नका म्हणालात, पण मी इतकी वर्षं दुकानात बसते, मला राहवलं नाही. धागा अठ्ठावीस इंच भरला. तुम्हाला एकतीस लिहिलं होतं म्हणे. मग माझ्या लक्षात आलं. आमच्या दुकानात पँटच्या लांबीत खाली दुमडायच्या पट्टीचे दोन इंच आणि धुतल्यावर कापड आटतं त्याचा एक इंच धरूनच आकडा लिहितात, म्हणजे कापणाऱ्याला हिशेब करावा लागत नाही. हात आपोआप तसाच लिहितो. तुमच्या दादाने स्वतःच्या पायाला खालून पट्टी धरली आहे, आणि तो धुतल्यावर आटेल याचीही सोय केली आहे.

लवकर काहीतरी करा. तुमचं घर सुखात असो.

तुमची,
वहिनी


ता. १४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास, शि. सा. नमस्कार वि. वि.

नमस्कार केला, तो रीतीप्रमाणे. आता पुढचं बसून वाचा. बसता येत नसेल तर पडून वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

मला सगळं कळलं आहे. वहिनींना बोलू नका. गवंड्यालाही बोलू नका, त्याला खोकल्याचं औषध प्यावं लागतं ही शिक्षा पुरे आहे.

तुमच्या पायाला खालची पट्टी नाही. तो धुतल्यावर आटत नाही. एवढं मोठं दुकान चालवलंत, निम्म्या गावाचे पाय तुम्हाला तोंडपाठ आहेत आणि स्वतःचा एक पाय नीट लिहिता आला नाही.

आता माझी चूक सांगतो, ती तुमच्यापेक्षा मोठी आहे. एकतीसचा आकडा वाचला तेव्हाच मी अडखळलो होतो. तुम्ही उंचीने पाच फूट दोन इंच. एकतीस इंच नुसता पाय धरला तर बरोबर अर्धा माणूस पायातच गेला. उरलेल्या अर्ध्यात पोट, छाती, डोकं आणि तुमचं ते तोंड बसवायचं कुठे? हे गणित मला लेथवरच सुटलं होतं. एक पत्र टाकून विचारायला हवं होतं. पण थोरल्या भावाला, तुम्ही एवढे उंच नाही, असं कसं लिहायचं, या विचारात मी बत्तीस धरून मोकळा झालो. रोज देवापुढे उभा राहून सूज उतरू दे म्हणत होतो. तो बहुधा मला टेप दाखवत होता, आणि मी डोळे मिटून होतो.

आठवतं का, मी सातवीत असताना तुम्ही दुकानात नवे नवे शिकत होता आणि माझ्यासाठी पहिली लांब पँट शिवली होती? तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं लांब होता. मी वर्षभर ती घातली. शाळेत मुलांना सांगितलं की माझा डावा पाय अजून वाढायचा आहे. तुम्हाला कधी बोललो नाही, कारण तुम्ही ती शिवून फार खूश होता. आज बोलतो. पँट वाईट होती, दादा. तशी पँट मी तुमच्या खातर घालू शकलो, कारण पँटने पाय जात नाही.

नवा घोडा सोबत आहे. जुना ड्रायव्हरकाकांकडे द्या. कुणी बघितलं तर बघू दे. इथे सगळ्यांना मीच सांगितलं आहे, आणि दोन दिवस चहाच्या वेळी त्यांना दुसरा विषय नाही. या वेळी मी पाइपात पाइप घातला आहे. दोन्ही भाग मागे-पुढे सरकतात आणि हाताने फिरवायच्या स्क्रूने पक्के होतात. वाक कुठे हवा ते पायाला ठरवू दे. चोवीस इंचांपासून छत्तीसपर्यंत कुठलाही पाय त्यात बसेल. वहिनींच्या धाग्यावर लावूनच पाठवला आहे, तुमच्या आकड्याचा त्याच्याशी काहीही संबंध येऊ दिलेला नाही. मालक बघून म्हणाले की यापुढे सगळे घोडे असेच करू, लोक चुकीची मापं देतातच. मी म्हटलं, लोकांचं मला माहीत नाही, शिंपी देतात.

आता हुकूम. पाय त्यावरून फक्त संडासाला जाताना उतरेल. खीळ पाचव्या भोकात. टाच टेकली, पोटरी दुखली, बोटं बधिरली, तर त्याच क्षणी सिस्टरना सांगायचं, शिव्या घालून सांगितलंत तरी चालेल. बनियन वाळत घालायचं नाही. थोरल्या भावाला हुकूम सोडायची ही माझी पहिली वेळ आहे. नीट जमला नसेल तर पुन्हा सोडेन.

वीस तारखेचं वहिनींनी तुम्हाला सांगितलेलं नाही, ते मी सांगतो. सहा दिवस आहेत. मशीन कुणाला विकायचं नाही.

रागावलात तरी पत्र पाठवा, एवढीच मागणी.

आपला,
धाकटा


ता. १९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, आशीर्वाद. अनेक वगैरे नाहीत, या खेपेला एकच.

तुझं पत्र गवंड्याने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा तुझ्या वहिनीने मुद्दाम घरी ठेवला होता. सगळ्या वॉर्डाने ऐकलं. पाच फूट दोन इंचांचं वाचताना तो थांबला आणि त्याने माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. आता सिस्टरसुद्धा मला अर्धा माणूस म्हणते. तुझी वहिनी तर चोर निघाली. तोंडात काच कोंबून माझं माप घेते आणि माझ्याच रिळाचा धागा वापरते.

पँटचं तू आज सांगतोस? सदतीस वर्षांनी? ती पँट घालून तू तिरका चालायचास. आई म्हणायची याला मणक्याच्या वैद्याला दाखवू. मी मनात म्हणायचो, पोरगं मुळातच वाकडं आहे. गाढवा, एक शब्द बोलला असतास तर दहा मिनिटांत कापून दिली असती.

घोडा बसला. पाच दिवस त्यावरून हललो नाही. पाठीला मुंग्या आल्या, जन्मात पाहिले नव्हते इतके छताचे पोपडे मोजले. आज सकाळी डॉक्टरने घोट्यावरची कातडी चिमटीत धरली. दोन वेळा धरली. मग सिस्टरला बोलावून दाखवलं. चुण्या पडल्या आहेत, बारीक, मलमलीवर पडतात तशा. उद्या सकाळी नऊ वाजता आत घेणार.

डॉक्टरला मी विचारलं की घोटा किती वाकेल. तो म्हणाला, उघडल्यावर कळेल, आणि नंतर तुम्ही किती मेहनत घ्याल त्यावर. पोरगा प्रामाणिक आहे. त्याने बरं सांगितलं असतं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

तू ये. येतो म्हणाला होतास, तरी पुन्हा लिहितो. मला भीती वाटते आहे. हे तुझ्या वहिनीला सांगायचं नाही आणि फोनवर तर मुळीच नाही.

संध्याकाळची बस पकड.

दादा


ता. ३० मे

चि. धाकट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तू परत गेल्यापासून मी सविस्तर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी तू बाहेरच्या बाकावर डोळे मिटून साडेतीन तास बसलास, ते मला सगळे अजून सांगतात. वॉर्डबॉयला वाटलं तू झोपला आहेस, म्हणून त्याने शेजारची फरशी पुसताना बादलीही हळू सरकवली. देवाचं काम किती आणि डॉक्टरचं किती हे मी ठरवायला बसत नाही. तू तुझ्या बाजूने घासाघीस केली असशील, एवढं धरून चालतो.

तुझा घोडा काही परत येत नाही. सिस्टरने त्यावर रंगाने वॉर्डाचा नंबर टाकला आणि कपाटाची किल्ली कमरेला लावली. सध्या त्यावर एका दूधवाल्याचा पाय आहे. साडेसहा फूट माणूस, पाइप पार शेवटपर्यंत ओढावा लागला. मी गेल्या आठवड्यात तपासायला गेलो तेव्हा त्याला स्क्रू कसा पिळायचा ते शिकवून आलो. माप मात्र सिस्टरनेच घेतलं, मला जवळ येऊ दिलं नाही.

तुझं मोटरचं पत्र पोचलं. पायमशीनला विजेची मोटर बसवून देतो, नुसतं बोटाने दाबायचं, घोट्याला काम नाही, असं तू लिहिलंस. मी उत्तर दिलं नाही, म्हणून रागावला असशील. खरं सांगायचं तर उत्तर ठरत नव्हतं.

काठी टाकून आठ दिवस झाले. त्यातले चार दिवस मी दुकानात जातो आहे. पहिल्या दिवशी दुकान झाडलं. दुसऱ्या दिवशी कात्र्यांना धार लावली. तिसऱ्या दिवशी रिळं रंगाप्रमाणे लावली, तीस वर्षांत लावली नव्हती. तुझी वहिनी समोर बसून काजं करत होती आणि मधूनच मशीनच्या झाकणावरची धूळ पुसत होती. पहारेकरीही येऊन गेला. त्याचे कपडे वहिनीने शेजारच्या दुकानातून शिवून आणून दिले होते. तो म्हणाला की शर्ट खांद्यात जरा आवळतो. मी म्हटलं, बाबा, पुढच्या वेळी खाली बसून माप दे.

आज चौथा दिवस. वहिनीने दुपारी मशीनचं झाकण काढलं, एक चिंधी सुईखाली लावली, आणि आपल्याला डोकं दुखतंय असं सांगून घरी निघून गेली. तिचं डोकं कधी दुखत नाही.

मी बसलो. उजवा पाय आधी ठेवला, मग डावा. घोटा खाली जातो, वर येताना अडतो, जशी जाम झालेली बिजागरी. पहिल्यांदा दाबलं तर चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. नवीन शिकणाऱ्याचा तुटतो तसा. पुन्हा ओवला. पुन्हा उलटं. तिसऱ्यांदाही तेच. मी इकडे तिकडे पाहिलं, दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा मशीनला ज्या शिव्या घातल्या त्या लिहीत नाही, तुझा देव वाचत असेल. मग हाताने चाकाला जरा धक्का दिला, पायाने फक्त साथ धरली. चाललं. चार टाके, आठ टाके, मग मोजायचे राहिले. शिवण सापासारखी गेली आहे, कुठे दाट कुठे विरळ. गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखी मुळीच नाही. घोटा दुखत होता, पण ते दुखणं कामाचं होतं, खाटेवरचं नव्हतं.

तेव्हा मोटर पाठवू नकोस. पुढे लागली तर मागेन, लाजणार नाही. आणि मागितलीच तर माप विचारून घे, दोनदा विचार, माझं आणि मशीनचंही.

एक वीतभर चिंधी शिवून झाली. शेवटी पाय थांबला, तेव्हा तो अडला नव्हता, मी थांबवला होता.

पोरांना घेऊन सुट्टीत ये. ओढ आहे.

तुझा,
दादा